टर्मिनलमध्ये मोठा मजकूर पेस्ट करताना होणारी गळती : कारणे, निदान व उपाय

गोषवारा :

टर्मिनलच्या खिडकीत मोठा मजकूर पेस्ट केला असता त्यातील काही अक्षरे, काही ओळी किंवा ओळींचे शेवट गहाळ होतात आणि पुष्कळदा त्याची कोणतीही सूचना वापरकर्त्यास मिळत नाही. हा एकच एक दोष नसून मजकुराच्या प्रवासातील निरनिराळ्या टप्प्यांवर उद्भवणाऱ्या दोषांचा तो समूह आहे. प्रस्तुत लेखात या दोषांची कारणे, त्यांची लक्षणे व त्यांवरील उपाय यांचे विवेचन केले असून देवनागरी मजकुराच्या बाबतीत ही समस्या अधिक लवकर का उद्भवते, याकडेही लक्ष वेधले आहे.

सूचक शब्द : टर्मिनल, पेस्ट, प्रवाह-नियंत्रण, ओळीची मर्यादा, युनिकोड, देवनागरी, पडताळणी.

१. प्रस्तावना :

महाविद्यालयीन कामकाजात टर्मिनलचा वापर केवळ संगणकशास्त्र विभागापुरता उरलेला नाही. ग्रंथालयाचा लिनक्स सर्व्हर, प्रयोगशाळेतील नेटवर्क स्विच, सांख्यिकीय विश्लेषणाची आज्ञावली, संशोधनासाठी जमवलेला मजकूर-संग्रह अशा अनेक ठिकाणी अध्यापकांना टर्मिनलशी काम पडते. अशा वेळी एका खिडकीतील मजकूर उचलून दुसऱ्या खिडकीत पेस्ट करणे हा सर्वांत सोपा मार्ग वाटतो. दहा-वीस ओळींपर्यंत तो सोपा असतोही. मजकूर शेकडो ओळींचा झाला की अडचणी सुरू होतात.

या अडचणींचे खरे गांभीर्य त्यांच्या मूकपणात आहे. संगणक बंद पडला किंवा त्रुटीचा संदेश आला, तर वापरकर्ता सावध होतो. परंतु पेस्ट करताना गळालेले अक्षर बहुधा मागे कोणतीही खूण ठेवत नाही. नेटवर्क स्विचच्या आज्ञांमध्ये १०.०.०.१५ या पत्त्यातील शेवटचा अंक गळाला, तर उरलेला १०.०.०.१ हाही वैध पत्ताच असतो, त्यामुळे यंत्र तो तक्रारीविना स्वीकारते. गुणांच्या यादीतील ८५ चे ८ झाले, तरी ८ हीही गुणांची संभाव्य संख्याच असते. अर्थात, अपूर्ण मजकूर अनेकदा चुकीचा न दिसता बरोबर दिसतो. म्हणून या विषयाचा विचार केवळ गैरसोय म्हणून न करता माहितीच्या विश्वासार्हतेचा प्रश्न म्हणून करणे आवश्यक ठरते.

२. उद्दिष्टे :

१) पेस्ट केलेला मजकूर टर्मिनलमधून कोणत्या टप्प्यांनी पुढे जातो, हे स्पष्ट करणे.
२) प्रत्येक टप्प्यावर संभवणारे दोष व त्यांची लक्षणे सांगणे.
३) लक्षणांवरून कारण शोधण्याची क्रमवार पद्धत मांडणे.
४) पेस्ट करणे केव्हा टाळावे व त्याऐवजी काय करावे, हे सुचवणे.

लेखात आलेल्या आज्ञांची नावे देवनागरीत उच्चाराप्रमाणे दिली आहेत. प्रत्यक्ष वापरताना ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकावीत.

३. टर्मिनलची मूळ कल्पना :

आजचे टर्मिनल ही पडद्यावरील एक खिडकी असली, तरी तिची घडण जुन्या यंत्रांवर बेतलेली आहे. १९६३ मध्ये बाजारात आलेले टेलिटाइप मॉडेल ३३ हे यंत्र सेकंदाला १० अक्षरे पाठवू व छापू शके. युनिक्सच्या आरंभीच्या काळात अशीच यंत्रे संगणकाला जोडलेली असत. लिनक्समध्ये टर्मिनलसाठी आजही वापरले जाणारे 'टीटीवाय' हे संक्षिप्त नाव टेलिटाइपवरूनच आलेले आहे. पुढे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने व्हीटी १०० हे पडद्याचे टर्मिनल आणले आणि त्याच्या संकेतांचे अनुकरण आजच्या बहुतेक टर्मिनल आज्ञावल्या करतात.

या सर्व व्यवस्थेमागे एक गृहीतक होते, ते असे की समोर माणूस बसलेला असून तो कळफलकावर एकेक अक्षर टंकत आहे. माणूस चुकतो, थांबतो, मागचे अक्षर खोडतो आणि ओळ पूर्ण झाली की एंटर दाबतो. पेस्ट करण्याची सोय पुढे याच व्यवस्थेवर बसवण्यात आली. त्यामुळे टर्मिनलच्या दृष्टीने पेस्ट करणे म्हणजे फाइल पाठवणे नव्हे, तर अत्यंत वेगाने टंकणे होय. फाइल पाठवताना ती पूर्ण पोहोचली की नाही, याची तपासणी पाठवणारी व घेणारी बाजू करीत असते. टंकनात अशी तपासणी नसते, कारण टंकणारा आपल्या डोळ्यांनी पडद्याकडे पाहत आहे, असे मानलेले असते. पुढे वर्णिलेले बहुतेक दोष या एका विसंगतीतून निर्माण होतात.

४. दोषांचे प्रकार, लक्षणे व उपाय :

पेस्ट केलेला मजकूर क्लिपबोर्डमधून टर्मिनल आज्ञावलीकडे, तेथून जोडणीमार्गे दुसऱ्या यंत्राकडे, तेथील कार्यप्रणालीकडे आणि शेवटी तो वाचणाऱ्या आज्ञावलीकडे जातो. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर अडथळा संभवतो.

४.१ सिरीयल जोडणीवरील गळती :

नेटवर्क स्विच, राउटर व प्रयोगशाळेतील सूक्ष्मनियंत्रक बोर्ड यांना सिरीयल केबलने जोडले जाते. सिस्कोच्या उपकरणांचे कन्सोल मूळ रचनेत ९६०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट व प्रवाह-नियंत्रण नाही, अशा मांडणीत असते. एका अक्षरामागे आरंभ व अंत धरून १० बिट लागत असल्याने हा वेग सेकंदाला ९६० अक्षरे इतका होतो. टेलिटाइपच्या तुलनेत तो ९६ पट आहे, तथापि येथे अडचण केबलच्या वेगाची नसून स्वीकारणाऱ्या यंत्राच्या सवडीची असते. राउटर प्रत्येक ओळ आज्ञा म्हणून तपासतो व अमलात आणतो. एखाद्या आज्ञेस अधिक वेळ लागला, तर तेवढ्या काळात येणारी अक्षरे त्याच्या बफरमध्ये साठत जातात आणि बफर भरला की पुढची अक्षरे वाया जातात.

हार्डवेअरच्या पातळीवरही हेच घडते. जुन्या ८२५० या सिरीयल चिपमध्ये आलेले एकच अक्षर साठवण्याची सोय होती, तर नंतरच्या १६५५०ए या चिपमध्ये १६ बाइटांची रांग देण्यात आली. १,१५,२०० बॉडच्या वेगाने ही रांग सुमारे १.४ मिलिसेकंदांत भरते. तेवढ्या वेळात प्रक्रियकाने ती रिकामी केली नाही, तर गळती अटळ असते.

यावर प्रवाह-नियंत्रण हा मूळ उपाय आहे. त्याचे दोन प्रकार आहेत. हार्डवेअर प्रकारात 'आरटीएस' व 'सीटीएस' या स्वतंत्र तारांवरून 'थांबा' व 'पाठवा' हे संकेत जातात. सॉफ्टवेअर प्रकारात मजकुराच्याच वाटेने 'एक्सऑफ' व 'एक्सऑन' ही चिन्हे पाठवली जातात. आस्की संकेतावलीत त्यांचे क्रमांक अनुक्रमे १९ व १७ असून कळफलकावर ती कंट्रोल-एस व कंट्रोल-क्यू यांनी निर्माण होतात. कंट्रोल-एस चुकून दाबले गेल्याने पडदा गोठल्यासारखा वाटणे आणि कंट्रोल-क्यू दाबताच तो पूर्ववत होणे, हा अनेकांचा अनुभव याच यंत्रणेचा परिणाम आहे.

मात्र प्रवाह-नियंत्रणाची मांडणी दोन्ही बाजूंनी सारखी असावी लागते. केवळ तीन तारांच्या केबलवर एका बाजूने हार्डवेअर नियंत्रण चालू ठेवले, तर परवानगीचा संकेत येण्याची वाटच नसते आणि टंकलेले एकही अक्षर पुढे जात नाही. मिनिकॉम या लिनक्सवरील आज्ञावलीत प्रथम तपासावी अशी हीच मांडणी होय.

समोरचे उपकरण प्रवाह-नियंत्रण पाळत नसेल, तर मजकूर सावकाश पाठवणे हाच मार्ग उरतो. टेरा टर्म या आज्ञावलीत सिरीयल पोर्टच्या मांडणीत प्रत्येक अक्षरानंतर व प्रत्येक ओळीनंतर किती मिलिसेकंद थांबावे, हे ठरवता येते. मिनिकॉम व सिक्युअरसीआरटी यांतही अशी सोय आहे. विंडोज एक्सपीसोबत मिळणाऱ्या हायपरटर्मिनलमध्येही ती होती, परंतु २००७ मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ही आज्ञावली वगळण्यात आली. ओळीमागे २०० मिलिसेकंदांचा विराम ठेवल्यास ५०० ओळींच्या मजकुराला केवळ विरामांपोटी १०० सेकंद अधिक लागतात. आज्ञा अंमलात आणण्यास वेळ घेणाऱ्या उपकरणांसाठी अक्षरामागील विरामापेक्षा ओळीमागील विराम अधिक उपयुक्त ठरतो, कारण यंत्र व्यग्र होते ते ओळ संपल्यानंतर.

४.२ ओळीच्या लांबीची मर्यादा व देवनागरी मजकूर :

लिनक्सवर 'कॅट' या आज्ञेस मजकूर पेस्ट करून फाइल तयार करण्याची पद्धत रूढ आहे. अशा वेळी टर्मिनल 'कॅनॉनिकल' म्हणजे ओळवार स्थितीत असते. पूर्ण ओळ येईपर्यंत कार्यप्रणाली ती आपल्यापाशी ठेवते, जेणेकरून टंकणाऱ्यास चूक खोडता यावी. या साठ्याची मर्यादा लिनक्समध्ये ओळ संपवणाऱ्या चिन्हासह ४०९६ बाइट आहे. ४०९५ बाइटांनंतर त्या ओळीतील उर्वरित मजकूर टाकून दिला जातो आणि तशी कोणतीही सूचना दिली जात नाही. मॅकओएसवर हीच मर्यादा १०२४ आहे, तर पॉझिक्स मानकाने अनुरूप प्रणालींसाठी किमान २५५ एवढीच हमी दिली आहे. येथे लक्षात घ्यावयाची बाब अशी की ही मर्यादा एकूण मजकुराला नसून प्रत्येक ओळीला आहे. हजारो आखूड ओळी सुखरूप पोहोचतात, परंतु एकच लांब ओळ तुटते.

मराठी मजकुराच्या दृष्टीने ही मर्यादा अधिक जाचक आहे. मर्यादा अक्षरांत नव्हे, तर बाइटांत मोजली जाते. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत इंग्रजी अक्षरास १ बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात आणि येथे काना, मात्रा, वेलांटी व हलन्त ही प्रत्येकी स्वतंत्र चिन्हे असतात. 'महाराष्ट्र' हा शब्द उच्चारात चार अक्षरांचा असला, तरी त्यात १० चिन्हे असून तो ३० बाइट व्यापतो. याचा अर्थ, ४०९५ बाइटांत इंग्रजीची ४०९५ अक्षरे मावतात, पण देवनागरीची अवघी १३६५ चिन्हे मावतात. एका शब्दात सरासरी सहा चिन्हे व शब्दानंतर एक जागा धरल्यास ही मर्यादा सुमारे २१५ शब्दांवर संपते. शब्दसंस्करण आज्ञावलीत लिहिलेला परिच्छेद पडद्यावर दहा-पंधरा ओळींचा दिसत असला, तरी संगणकाच्या लेखी तो एकच ओळ असतो. परिणामी तीनशे शब्दांचा मराठी परिच्छेद या पद्धतीने पेस्ट केल्यास त्याचा शेवटचा भाग नाहीसा होतो. तेवढ्याच शब्दांचा इंग्रजी परिच्छेद मात्र सहसा सुखरूप राहतो. मजकूर-संग्रह तयार करणाऱ्या भाषा विभागातील संशोधकांनी हा भेद विशेषत्वाने ध्यानात घ्यावा. तुटलेल्या ओळीच्या अखेरीस काळ्या चौकटीतील प्रश्नचिन्ह दिसले, तर तीन बाइटांचे चिन्ह मध्येच तुटले आहे, असे समजावे.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, पेस्ट करण्यापूर्वी मजकूर आखूड ओळींत विभागणे. दुसरा, नॅनो किंवा व्हिम यांसारख्या संपादक आज्ञावलीत मजकूर पेस्ट करणे, कारण त्या ओळवार स्थिती वापरत नाहीत. तिसरा, 'एसटीटीवाय' या आज्ञेपुढे वजा चिन्ह जोडून 'आयकॅनन' लिहून ओळवार स्थिती तात्पुरती बंद करणे. या तिसऱ्या उपायात कंट्रोल-डी ने मजकूर संपवता येत नाही, म्हणून शेवटी कंट्रोल-सी वापरावे लागते आणि काम झाल्यावर 'एसटीटीवाय सेन' ही आज्ञा देऊन टर्मिनल पूर्वस्थितीत आणावे लागते.

४.३ चालू आज्ञेने गिळलेल्या ओळी :

अनेक आज्ञांची यादी एकाच वेळी पेस्ट केली असता त्यातील पहिली आज्ञा चालू होते आणि उरलेल्या ओळी रांगेत थांबतात. चालू झालेली आज्ञा स्वतः कळफलकावरून वाचणारी असेल, तर त्या ओळी तीच वाचते. दूरस्थ यंत्राशी जोडणारी 'एसएसएच', पाने उलटून दाखवणारी 'लेस', माहितीसाठ्याच्या आज्ञावल्या ही याची उदाहरणे होत. परवलीचा शब्द विचारणाऱ्या काही आज्ञावल्या तर सुरक्षिततेसाठी आधी रांगेत असलेला मजकूर हेतुतः टाकून देतात. एका विशिष्ट आज्ञेनंतरच्याच ओळी नाहीशा होत असतील, तर दोष जोडणीत नसून त्या आज्ञेत आहे, असे निदान करावे. अशा यादीची फाइल करून ती चालवणे हा यावरील योग्य उपाय आहे.

पेस्ट केलेला मजकूर व टंकलेला मजकूर यांत भेद करता यावा, यासाठी 'ब्रॅकेटेड पेस्ट' ही व्यवस्था निर्माण झाली. तीत टर्मिनल पेस्ट केलेल्या मजकुराच्या आधी २०० व नंतर २०१ हे क्रमांक असलेले संकेत पाठवते. त्यामुळे शेलला हा मजकूर पेस्ट केलेला आहे हे कळते आणि एंटर दाबेपर्यंत तो अमलात येत नाही. झेडशेलच्या २०१५ मधील ५.१ आवृत्तीपासून व बॅशच्या डिसेंबर २०२० मधील ५.१ आवृत्तीपासून ही व्यवस्था मुळातच चालू असते. विंडोज टर्मिनलही अनेक ओळींचा किंवा ५ किलोबाइटांहून मोठा मजकूर पेस्ट करताना इशारा देते. जोडणी मध्येच तुटल्यास मात्र समोरची आज्ञावली हे संकेत समजू शकत नाही आणि मजकुराच्या दोन्ही टोकांना २०० व २०१ हे आकडे लहरी रेषेसह उमटतात. 'रीसेट' ही आज्ञा दिल्याने हा दोष बहुधा दूर होतो.

४.४ संपादकातील वाढता समास :

व्हिममध्ये कार्यक्रमाचा मजकूर पेस्ट केला असता प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा उजवीकडे सरकत जाऊन जिन्यासारखी आकृती तयार होते. येथे काहीही गळालेले नसते, उलट अधिकचे मिसळलेले असते. मागील ओळीचा समास पुढील ओळीस आपोआप देण्याची सोय टंकणाऱ्यास उपकारक असते, परंतु पेस्ट केलेल्या मजकुरात समास आधीच असल्याने तो दुप्पट होतो. यासाठी 'सेट पेस्ट' ही आज्ञा देऊन मग पेस्ट करावे व नंतर 'सेट नोपेस्ट' द्यावी. व्हिम ८.० च्या पुढील सुधारणांपासून ब्रॅकेटेड पेस्ट व्यवस्था उपलब्ध असल्याने योग्य टर्मिनलवर याची गरज कमी झाली आहे. पायथनच्या जुन्या संवादी खिडकीत फलनाच्या मध्ये आलेली रिकामी ओळ ते फलन तेथेच संपवते आणि पुढील ओळींवर त्रुटी येतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या पायथन ३.१३ मध्ये यासाठी एफ३ कळीवर स्वतंत्र पेस्ट-स्थिती देण्यात आली आहे.

४.५ न दिसणारी चिन्हे :

शब्दसंस्करण आज्ञावलीतून उचललेल्या मजकुरात सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वक्र चिन्हे, जोडरेषेच्या जागी लांब रेषा आणि साध्या मोकळ्या जागेच्या ठिकाणी न तुटणारी जागा आलेली असते. डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, परंतु शेलसाठी ती निराळी चिन्हे आहेत. तसेच मजकुरातील टॅब हे चिन्ह शेलपाशी पोहोचताच तो अपूर्ण नाव पूर्ण करण्याची कळ समजून प्रतिसाद देतो. असा मजकूर प्रथम साध्या मजकूर-संपादकात घेऊन स्वच्छ करणे श्रेयस्कर ठरते.

५. निदानाची क्रमवार पद्धत :

मूळ मजकूर वारंवार पेस्ट करून पाहण्यापेक्षा ज्याची मोजणी ठाऊक आहे, असा चाचणी-मजकूर वापरणे अधिक फलदायी होते. 'सेक' या आज्ञेने १ ते २००० हे आकडे प्रत्येकी एका ओळीवर मिळवता येतात. या मजकुरात २००० ओळी व बरोबर ८८९३ बाइट असतात. तो संशयित जोडणीवरून 'कॅट'द्वारे फाइलमध्ये पेस्ट करावा आणि 'डब्ल्यूसी' आज्ञेने मोजावा. त्यावरून पुढीलप्रमाणे अनुमान करता येते.

१) संख्या कमी असून गळती मध्येच कोठेही व प्रत्येक वेळी निराळ्या जागी असेल, तर दोष जोडणीत किंवा प्रवाह-नियंत्रणात आहे. मजकूर एकाच यंत्रातील खिडक्यांमध्ये फिरत असेल, तर अशी गळती सहसा होत नाही, कारण साठा भरल्यावर पाठवणाऱ्या आज्ञावलीला थांबवले जाते.

२) ही चाचणी यशस्वी झाली, पण मूळ मजकुरातील लांब ओळी ठरावीक लांबीवरच तुटत असतील, तर दोष ओळीच्या मर्यादेचा आहे.

३) एका विशिष्ट आज्ञेनंतर ओळी नाहीशा होत असतील, तर त्या आज्ञेने त्या वाचल्या आहेत.

४) मजकूर वाढला असेल, तर संपादकाची मांडणी किंवा ब्रॅकेटेड पेस्टचे संकेत तपासावेत.

५) मोजणी जुळूनही आज्ञा चालत नसेल, तर न दिसणाऱ्या चिन्हांचा शोध घ्यावा.

एका वेळी एकच मांडणी बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर हीच चाचणी पुन्हा घ्यावी. अनेक मांडण्या एकदम बदलल्यास दोष गेला, तरी कशामुळे गेला हे कळत नाही.

६. पेस्ट करण्यास पर्याय :

दूरस्थ यंत्रावर 'एससीपी' किंवा 'एसएफटीपी' उपलब्ध असेल, तर मोठा मजकूर फाइलरूपानेच पाठवावा. केवळ सिरीयल जोडणी असेल, तर १९७७ मध्ये वॉर्ड क्रिस्टन्सन यांनी तयार केलेली एक्समोडेम किंवा तिच्यानंतरची झेडमोडेम ही पद्धत वापरता येते. एक्समोडेममध्ये मजकूर १२८ बाइटांच्या तुकड्यांत जातो, प्रत्येक तुकड्याची बेरीज पडताळली जाते आणि चुकलेला तुकडा पुन्हा मागवला जातो. टंकनात नसलेली तपासणी येथे अंगभूत असते. पेस्ट करण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर 'बेस६४' या आज्ञेने मजकुराचे रूपांतर करावे. लिनक्सवर तिच्या ओळी ७६ अक्षरांच्या असल्याने ओळीची मर्यादा आड येत नाही, तसेच देवनागरी, टॅब वा वक्र अवतरणे यांचा प्रश्नही उरत नाही. मात्र आकार सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो.

मार्ग कोणताही असो, दोन्ही टोकांना 'एसएचए२५६सम' या आज्ञेने काढलेला ठसा जुळवून पाहणे आवश्यक आहे. एक बाइट जरी बदलला, तरी हा ठसा निराळा येतो. नेटवर्क उपकरणात ही सोय नसेल, तर त्यातील मांडणी पुन्हा बाहेर काढून मूळ मजकुराशी ओळीगणिक ताडून पाहावी व त्यानंतरच ती कायम करावी.

७. निष्कर्ष :

१) टर्मिनलमध्ये पेस्ट करणे हे फाइलचे स्थलांतर नसून वेगवान टंकन आहे. त्यामुळे मजकूर पूर्ण पोहोचल्याची हमी त्यात नसते.
२) गळतीचे स्वरूप पाहूनच कारण ओळखता येते. सर्व दोषांवर एकच मांडणी लागू पडत नाही.
३) लिनक्समधील ४०९५ बाइटांची ओळमर्यादा देवनागरी मजकुरास इंग्रजीच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांश चिन्हांवरच गाठते. मराठी परिच्छेदांच्या बाबतीत ही गळती म्हणूनच अधिक संभवते.
४) मांडणी दुरुस्त केल्यानेही पडताळणीची गरज संपत नाही. पेस्ट केलेल्या मजकुराची दोन्ही टोकांना मोजणी करणे हा कामाचाच भाग मानला पाहिजे.

विद्यार्थ्यांना टर्मिनलच्या आज्ञा शिकवताना त्यांसोबत मोजणी व पडताळणीच्या आज्ञाही पहिल्याच तासांमध्ये शिकवल्या गेल्या, तर पडद्यावर दिसणारा मजकूर व प्रत्यक्ष साठवला गेलेला मजकूर यांतील फरक त्यांच्या लवकर ध्यानात येईल. गुणपत्रक असो, स्विचची मांडणी असो वा संशोधनासाठी जमवलेला मजकूर-संग्रह असो, त्याची विश्वासार्हता अखेर या साध्या सवयीवरच अवलंबून राहते.